घरची दुरुस्ती घरच्या हातीं

आपल्याकडे घर बांधतांना दिवाणखान्याचा विचार सर्वांआधीं होतो आणि स्वयंपाकघराचा सर्वांच्या मागून. पाहुण्याच्या दृष्टीस जें पडावयाचें, त्यावर पैसा व कल्पकता हीं दोन्ही खर्च होतात. आणि घरच्या माणसांस दिवसांतून तीन वेळां ज्याचें काम पडतें, तें मात्र जसें हातीं येईल तसें पत्करलें जातें. मग नळ ठिबकतो, फडताळाचें दार एकाच बिजागरीवर लोंबतें, सिंकमधील पाणी तास तास उतरत नाहीं, आणि घरांतील माणसें "मिस्त्री येईल तेव्हां पाहूं" असें म्हणून या सर्वांशीं जुळवून घेतात. या जुळवून घेण्याची किंमत कोण देतें, हें फारसें कोणी पाहात नाहीं. ती किंमत स्वयंपाकघरांत उभें राहणारें माणूस आपल्या पाठीनें, खांद्यानें व मनगटानें देत असतें.

आमच्या विद्यार्थ्यांस तरफेचे तीन प्रकार तोंडपाठ असतात. पाणी आपली पातळी शोधतें, हेंहि त्यांनीं पाहिलेलें असतें. परंतु प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडतांना हें ज्ञान बहुधा तेथेंच खुंटीला टांगून ठेवलें जातें. ओट्याखालीं वाकून नळाची चावी फिरवावी, भिंतीस फळी बसवावी, या गोष्टी शिकल्यासवरलेल्या माणसाच्या नव्हेत, अशी एक जुनी समजूत आमच्या समाजांत अद्यापि आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि "कमवा व शिका" हें तत्त्व पुढें ठेवून पुस्तक धरणाऱ्या हातांस श्रमाचीहि गोडी लाविली. त्या थोर कार्यापुढें आमच्या घरांतील गोष्ट फारच लहान. तथापि लहान गोष्ट प्रत्येकास करतां येते, एवढा तिचा फायदा आहे. म्हणून स्वयंपाकघरांतील लहानसहान दुरुस्त्यांविषयीं या पानांवर चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें. हें कारागिराचें शास्त्र नव्हे. एका शिक्षकाच्या घरांत पाना, पक्कड व टेप यांच्या साहाय्यानें जें करतां आलें, आणि जें आपण करूं नये असें ठरलें, त्याची ही हकीकत आहे.

दुरुस्तीचा पहिला नियम असा कीं, हत्यार हातीं घेण्यापूर्वीं त्या खोलींत काम करणाऱ्यास विचारावें. हा नियम आम्हीं कसा शिकलों तें प्रथम सांगतों.

आमच्या मातोश्रींनीं खेडेगांवच्या घरीं चुलीपुढें पाटावर बसून पन्नास वर्षें भाकरी केली. वडील निवर्तल्यावर त्या आमच्याकडे शहरांत राहावयास आल्या. येथें सदनिकेंत गॅसची शेगडी आणि ग्रॅनाइटचा उभा ओटा. पहिल्या पंधरवड्यांत त्यांनीं हौसेनें रोज भाकऱ्या थापल्या. पुढें एक दिवसाआड, मग आठवड्यांतून एकदां, आणि एके दिवशीं मळलेलें पीठ तसेंच परातींत ठेवून त्या म्हणाल्या, "आतां हात राहिले नाहींत. तुम्ही आपल्या पोळ्याच करा." वय त्र्याहत्तर वर्षांचें, तेव्हां हें वयाचेंच दुखणें, असें शेजारपाजारच्यांचें मत पडलें. आमच्या पत्नीनें मात्र दोन दिवस त्यांच्याकडे नुसतें लक्ष ठेविलें, आणि तिसऱ्या दिवशीं सांगितलें, "आईंचे हात चांगले आहेत. ओटा उंच आहे."

आम्हीं टेप घेऊन माप घेतलें. मातोश्रींची उंची ४ फूट ९ इंच. उभ्या असतां त्यांचें कोपर जमिनीपासून ३६ इंच. ओटाहि बरोबर ३६ इंच. भाकरी थापावयास हाताचा जोर वरून खालीं पडावा लागतो. काम कोपराच्या पुरेसें खालीं असेल, तर शरीराचें वजन आपोआप तळव्यांत उतरतें. तें कोपराच्या बरोबरीस आलें कीं खांदा उचलूनच हात चालवावा लागतो, आणि सगळा भार मानेच्या व खांद्याच्या स्नायूंवर पडतो. पन्नास वर्षें न दुखलेला खांदा दोन महिन्यांत कां दुखूं लागला, याचें उत्तर त्या टेपवर लिहिलेलें होतें.

गांवच्या घरीं ही अडचण कां आली नाहीं, याचाहि विचार करण्यासारखा आहे. तेथील चूल मातोश्रींनीं स्वतः मातीनें घातलेली होती. तिचें तोंड कोणीकडे असावें, वैल किती अंतरावर असावा, परात ठेवावयास जागा किती असावी, हें सर्व त्यांनीं आपल्या हाताच्या बेतानें ठरविलें होतें. चूल फुटली तर त्याच लिंपीत, भिंत पोपडली तर त्याच सारवीत. धुरानें डोळे जात, हें खरें. त्या काळाची थोरवी गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु आपलें स्वयंपाकघर आपल्या मापानें करावें व आपणच दुरुस्त ठेवावें, ही विद्या आमच्या आया-आज्यांस चांगली अवगत होती. घरोघर गॅस आला, ओटा उभा झाला, आणि माप मात्र काम करणारीच्या हातून निघून बांधणाऱ्याच्या हातीं गेलें. आमची इमारत ज्यांनीं बांधली त्यांनीं सर्व बिऱ्हाडांस एकाच उंचीचे ओटे घातले; बुटक्या माणसानें काय करावें, हा प्रश्न त्यांस पडला नसावा.

हा प्रश्न इतर देशांतहि लोकांस पडलेला आहे. अमेरिकेंत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनीं १९१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकांत, टेबल व सिंक यांची उंची काम करणारीच्या उंचीस जुळली पाहिजे, असें आवर्जून सांगितलें. जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरानें सामान्य लोकांसाठीं घरें बांधावयास घेतलीं, तेव्हां त्यांतील स्वयंपाकघराची आंखणी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीनें १९२६ सालीं केली. खोली अवघी १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब. पण कोणत्या कामास किती पावलें पडतात व किती वेळ लागतो हें पाहून प्रत्येक वस्तूची जागा ठरविलेली. तींत बसून भाजी चिरतां यावी म्हणून एक स्टूल होतें, आणि कपड्यांना इस्त्री करावयाची फळी भिंतीस बिजागरीनें जोडलेली होती. काम झालें कीं ती मिटून ठेवीत. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें त्या शहरांत झालीं. आम्हांस उपयोगी पडली ती त्यांतील घडीच्या फळीची कल्पना.

ओटा फोडावा असें आमच्या मनांत आलें नाहीं. तें गवंड्याचें काम, त्यांत खर्च मोठा; शिवाय तोच ओटा आमच्या पत्नीस व उंच वाढलेल्या चिरंजीवास बरोबर जमत होता. एकास बसेल तें माप दुसऱ्यास बसेलच असें नाहीं. म्हणून ओटा तसाच ठेवून मातोश्रींपुरती एक घडीची फळी भिंतीला बसवावी, काम असेल तेव्हां ती उघडावी, नसेल तेव्हां खालीं पाडून ठेवावी, असें ठरलें.

साधारण नियम असा सांगतात कीं, चिरण्या-निवडण्यासाठीं ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खालीं असावा, आणि मळणें, थापणें, लाटणें यांसाठीं त्याहूनहि थोडा खालीं. परंतु नियमावर विसंबण्यापेक्षां आम्हीं एक साधा प्रयोग केला. एका मजबूत स्टुलावर विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्यांचे दोरीनें आवळलेले गठ्ठे रचले, वर परात ठेविली, आणि मातोश्रींस पिठाचा गोळा देऊन थापावयास सांगितलें. प्रथम परातीचा तळ ३२ इंचांवर होता, त्या म्हणाल्या, "अजून खांदा उचलतोय." गठ्ठे काढून तो ३० इंचांवर आणला; "बरें वाटतें." २८ इंचांवर आणला, त्या कांहींच बोलल्या नाहींत, पण हात भराभर फिरूं लागला. २६ इंचांवर आणतांच त्या थांबल्या. "आतां पाठ वाकते. मघाचेंच ठेवा." अशा रीतीनें २८ इंच हें माप ठरलें. तरीहि त्या म्हणाल्याच, "अरे, माझ्या एकटीसाठीं भिंतीला भोंकें कशाला पाडतां? माझे दिवस ते किती राहिले?" त्यावर आमची कन्या म्हणाली, "आजी, फळी तुझ्यासाठीं, पण भाकरी आमच्यासाठीं आहे." मग कोणी कांहीं बोललें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. फळी पाण्यास टिकणाऱ्या प्लायवुडची, अडीच फूट लांब, दीड फूट रुंद व पाऊण इंच जाड घेतली. येथें मापांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत मेट्रिक मापें १९५८ सालापासून सुरू झालीं. तरी सुतार व गवंडी अद्यापि इंच व सूत यांतच बोलतात. एका इंचाचे आठ सूत. तेव्हां पाऊण इंच म्हणजे सहा सूत, आणि तेंच दुकानदाराच्या भाषेंत १९ मिलिमीटर. तिन्ही भाषा कानावर असाव्यात, म्हणजे दुकानांत गोंधळ होत नाहीं.

भिंतीवर दोन ठिकाणीं सारख्या पातळीची खूण करावयाची होती. ती फरशीपासून मोजून करूं नये, कारण स्वयंपाकघराची फरशी बहुधा मोरीकडे उतरती असते. गवंडी यासाठीं पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी वापरतात. आम्हींहि दहा फूट नळी घेऊन तींत रंगीत पाणी भरलें, आंत बुडबुडा राहूं दिला नाहीं, आणि एक टोंक कन्येच्या व एक चिरंजीवाच्या हातीं दिलें. नळी कशीहि वांकडी असली तरी दोन्ही टोंकांस पाणी एकाच पातळीवर उभें राहतें. पाठ्यपुस्तकांतील तें वाक्य त्या दिवशीं मुलांनीं भिंतीवर पेन्सिलीनें उतरविलें.

भोंक पाडण्यापूर्वीं भिंतीच्या पोटांत काय आहे, याचा अंदाज घ्यावा. विजेच्या तारा सामान्यतः बटणांच्या पाटीच्या सरळ वर किंवा खालीं गेलेल्या असतात, आणि पाण्याचे नळ तोटीच्या रेषेंत. त्या रेषा सोडूनच जागा निवडावी. शंका असेल तर काम थांबवून माहीतगारास विचारावें. विजेचें गिरमिट वडील माणसानेंच चालवावें, व डोळ्यांवर चष्मा घालावा. गिलावा अर्धा-पाऊण इंच जाड असतो व तो भार धरीत नाहीं; म्हणून स्क्रूची गिट्टी आंतल्या विटेंत जाऊन बसेल इतकें खोल भोंक घ्यावें. भोंकांतील भुकटी काढल्याशिवाय गिट्टी पकड घेत नाहीं. आमच्या चिरंजीवानें ती सायकलच्या पंपानें उडविली.

ब्रॅकेट निवडतांना तरफेचें गणित उपयोगीं पडलें. समजा, फळीच्या पुढच्या कडेवर, भिंतीपासून १८ इंचांवर, १० किलोचा दाब पडला, आणि ब्रॅकेटाची उभी बाजू ९ इंचांची आहे. तिचें खालचें टोंक हा टेकू धरला, तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारा जोर पडतो तो १० गुणिले १८ भागिले ९, म्हणजे २० किलोचा. दोन ब्रॅकेटांत तो सारखा वांटला गेल्यास प्रत्येकाच्या वांट्यास १० किलो येतात. उभी बाजू जितकी आंखूड, तितकी ही ओढ अधिक. म्हणून दुकानांत बुटके ब्रॅकेट स्वस्त मिळत असले तरी ते घेऊं नयेत. फळी बसल्यावर तिच्या कडेला पिठाच्या दहा दहा किलोच्या दोन पिशव्या ठेवून रात्रभर तशीच राहूं दिली. सकाळीं स्क्रू तसूभरहि हलले नव्हते. तेव्हां मग परात वर गेली.

मातोश्रींनीं त्या दिवशीं सहा भाकऱ्या थापल्या. त्यांचा खांदा सर्वस्वीं बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं; डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम अद्यापि चालू आहे, आणि कांहीं दिवशीं त्या दोनच भाकऱ्या करून उरलेलें पीठ नातीच्या पुढें सारतात. परंतु "आतां हात राहिले नाहींत" हे शब्द पुन्हां ऐकूं आले नाहींत. माणूस थकलें असें ठरविण्याआधीं ओटा मोजून पाहावा, एवढें तरी त्यावरून आमच्या घरांत सर्वांस पटलें.

या फळीनें मुलांस धीर आला, आणि त्यांनीं ठिबकत्या नळाकडे मोर्चा वळविला. ठिबकणें क्षुल्लक वाटतें. म्हणून आधीं तें मोजावें. तोटीखालीं २०० मिलिलिटरांचा पेला ठेवला, तो २० मिनिटांत भरला. म्हणजे तासांत तीन पेले, दिवसांत ७२ पेले, अर्थात् १४ लिटर ४०० मिलिलिटर पाणी. उन्हाळ्यांत ज्या घरीं एक दिवसाआड पाणी येतें, त्या घरीं हा आंकडा मुकाट्यानें वाचतां येत नाहीं.

नळाचें काम आम्हांस शेजारच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं शिकविलें. त्यांचें पहिलें वाक्य असें : "गुरुजी, नळाला जोर दाखवूं नका. आधीं पाणी बंद करा." ओट्याखालची चावी बंद करावी; ती नसेल तर टांकीची. मग तोटी उघडून नळांतील उरलेलें पाणी जाऊं द्यावें. सिंकच्या जाळीवर फडकें घालावें, म्हणजे बारीक स्क्रू आंत पडत नाहीं. मूठ काढून पान्यानें वरचा भाग उलगडला कीं आंतील दांडा बाहेर येतो व त्याच्या टोंकाशीं रबराचा वायसर दिसतो. तो झिजला अगर कडक झाला असेल तर त्याच मापाचा नवा घालावा. हल्लीं अर्ध्या फेऱ्याच्या आंत उघडणारे जे नळ मिळतात, त्यांत पुष्कळदां वायसराऐवजीं चिनीमातीच्या दोन चकत्या असतात. तेथें आंतला संपूर्ण भागच बदलावा लागतो.

सबंध तोटी बदलावयाची असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्यास अर्ध्या इंची नळ म्हणतात त्याच्या आट्यांची बाहेरची रुंदी जवळजवळ २१ मिलिमीटर भरते, कारण अर्धा इंच हें नांव नळाच्या पोकळीवरून पडलेलें आहे. फूटपट्टी लावून पाऊण इंची तोटी मागितली तर ती बसावयाची नाहीं. जुनी तोटीच दुकानांत घेऊन जावी. आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतांना आट्यांचें तोंड आपणांकडे धरून घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें गुंडाळावी. उलट गुंडाळली तर तोटी फिरवितांना ती सुटून येते. शेवटीं पान्यानें बेतानेंच आवळावें. प्लास्टिकचे नळ अति जोरानें तडकतात, आणि मग दोन रुपयांच्या वायसराचें काम भिंत फोडण्यापर्यंत जातें.

सिंकचें पाणी तुंबतें तें बहुधा त्याखालील वळणांत किंवा बाटलीसारख्या भागांत. या भागांत थोडें पाणी नेहमीं साठून राहतें, आणि तें गटाराची दुर्गंधि व झुरळें यांस घरांत येऊं देत नाहीं. नळाच्या वळणांत पाणी अडवून दुर्गंधि थोपविण्याची ही युक्ति शौचकूपासाठीं १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग यानें पेटंट घेतलेल्या रचनेंत होती. हा गृहस्थ धंद्यानें लंडन येथील घड्याळजी होता. बाटली साफ करावयास खालीं बादली ठेवावी, तळचें झांकण हातानें उलगडावें, गाळ काढून रबरी कडें जागेवर आहे ना तें पाहावें, व पुन्हां हातानेंच आवळावें. गाळ बहुतेक थिजलेल्या तेला-तुपाचा असतो. तेलकट कढई धुण्यापूर्वीं जुन्या कागदानें पुसून घेण्याची संवय लागली तर हें काम वर्षांतून एकदांच करावें लागतें. बाजारांत तुंबलेले नळ मोकळे करावयाची दाहक भुकटी मिळते. ती मुलांच्या हातीं देऊं नये.

येथवर आपल्या हातीं असलेल्या कामांविषयीं सांगितलें. आतां ज्यांस हात लावूं नये त्यांविषयीं सांगणें हेंहि आमचें कर्तव्य आहे. गॅस व वीज यांच्या बाबतींत घरच्या माणसाचें काम पाहण्याचें व ओळखण्याचें आहे, उघडण्याचें नाहीं. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. हा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळाला तर जमिनीलगत साठतो. त्यास स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास आल्यास विजेचें एकहि बटण चालू किंवा बंद करूं नये. रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनीं बाहेर यावें, आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें. गळती आगकाडी पेटवून कधींहि पाहूं नये. साबणाच्या फेसानें पाहावी. रबरी नळी मानांकित असावी, तिच्यावर छापलेली मुदत वाचावी, आणि ती पांच वर्षांनीं बदलावी. ओट्याखालीं दारें बसवून सिलिंडर झांकून टाकण्याची जी हौस हल्लीं दिसते, तींत हवा जाण्यास तळाशीं व वर मोकळी जागा अवश्य ठेवावी.

मुलांस आवडेल अशी एक खूण येथें सांगतों. सिलिंडराच्या वरच्या कड्यास आधार देणाऱ्या एका पट्टीवर आंतल्या बाजूस इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व पुढें दोन आंकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आंकडे हे वर्षाचे. त्या मुदतीस सिलिंडराची पुन्हां तपासणी व्हावयाची असते. मुदत उलटलेला सिलिंडर दाराशीं आला तर तो घेऊं नये. आमच्या घरीं हें वाचून पाहण्याचें काम आतां कन्येकडे आहे, आणि तें ती चुकवीत नाहीं.

विजेविषयीं एवढेंच कीं, मिक्सर किंवा शेगडीस हात लावतांना झिणझिण्या आल्या, बटणाच्या पाटीवर काळा डाग दिसला, किंवा जळका वास आला, तर मुख्य बटण बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावें. "थोडेंसें पाहूं या" हा विचार येथें जिवावर बेततो.

कारागिराविषयीं एक शब्द. आपण स्वतः दोन भोंकें पाडलीं, एक वायसर बदलला, म्हणजे मिस्त्रीची गरज संपली असें नव्हे. उलट सरळ रेषेंत चार फरशा बसविणें किती अवघड आहे, हें हातांत थापी धरल्यावरच कळतें. आणि मग त्या माणसाशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करावयास जीभ वळत नाहीं. ज्या वृद्ध मिस्त्रींनीं आम्हांस नळ शिकविला, ते शाळेंत चार इयत्ताच शिकले होते. आमचीं मुलें त्यांस "काका" म्हणतात व आले कीं बसावयास खुर्ची देतात. हातानें काम केल्याचा हा लाभ आम्हांस नळ दुरुस्त होण्याहून कमी वाटत नाहीं.

पालकांस आमची विनंती आहे कीं, पुढच्या सुट्टींत एखादें लहानसें काम मुलामुलींच्या हातीं द्यावें, आणि तें देतांना मुलग्यास स्वयंपाकघर व मुलीस गिरमिट वर्ज्य मानूं नये. विद्यार्थिमित्रांनों, तुम्हांस सांगणें इतकेंच : हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसा. कोणती फळी उंच पडते, कोणत्या बरणीसाठीं स्टुलावर चढावें लागतें, कोणती तोटी ओल्या हातानें फिरत नाहीं, हें त्यांस विचारा. "कांहीं नाहीं रे, चाललें आहे" असें उत्तर प्रथम येईल. तेवढ्यावर उठूं नका. दुसऱ्यांदा विचारा, आणि मग टेप हातीं घ्या.